बीटलचा हीटर गायब, मागे बाजारातला एक्झॉस्ट, बाहेर नाशिकचा गारठा: काय करता येईल?

गोदाकाठची · १२ डिसेंबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. गाडी १९६९ ची फोक्सवॅगन बीटल, १५०० सीसी, बारा व्होल्ट, अजून डायनामोवरच. राहते गंगापूर रोडला. गाडी पुण्याहून घेतली. आधीच्या मालकाने कंपनीचा सायलेन्सर काढून चार पाइप एकात येणारा एक्स्ट्रॅक्टर बसवला होता. आवाज झकास आहे, गाडी वरच्या आरपीएमला मोकळी पळते, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या कामात दोन्ही बाजूंचे हीटर बॉक्स गेले आणि त्यांच्या जागी नुसते वाकवलेले पाइप आले. हँडब्रेकशेजारचे हीटरचे दोन दांडे वरखाली होतात. ते कशालाच जोडलेले नाहीत.

परवा पहाटे आईला घेऊन वणीच्या गडावर निघाले. दिंडोरी येईपर्यंत माझी बोटं स्टिअरिंगवर आकडली. आई शालीतून फक्त डोळे बाहेर काढून बसली होती. उतरल्यावर म्हणाली, "पुढच्या वेळी मी एसटीने येते, तू ये तुझ्या डब्यातून." वर काच आतून सारखी धुरकटत होती. एका हाताने फडकं, एका हाताने स्टिअरिंग. पावसाळ्यात कसारा घाटात याहून वाईट हाल होतात.

ऐकलेले पर्याय: लायटरच्या सॉकेटवर चालणारा इलेक्ट्रिक हीटर, ट्रकवाले लावतात तो डिझेल हीटर, किंवा मूळ हीटर बॉक्स परत आणणे. एक्झॉस्ट शक्यतो बदलायचा नाहीये. जाणकारांनी सांगावं.

मिसळ_झणझणीत · १२ डिसेंबर, रात्री १०:५५

नाशकात हीटर! मखमलाबाद रोडला थांबून एक तर्रीवाली हाणा, वणीपर्यंत घाम पुसत जाल.

निफाडकर · १२ डिसेंबर, रात्री ११:०५

भाऊ, शहरात बसून बोलायला काय जातंय. आमच्याकडं पारा पाचाच्या खाली गेला की द्राक्षबागेत रातभर शेकोट्या पेटवून बसतो आम्ही, मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून. पहाटे चारला या एकदा बीटल घेऊन.

ताई, धागा मस्त. माझ्या मामांची ६६ ची आहे, तिचंही हेच रडगाणं. वाचतोय.

तेलकट_हात · १२ डिसेंबर, रात्री ११:५०

गोदाकाठची ताई, हीटरचं नंतर बघू. आधी उद्या सकाळी मागचं झाकण उघडा आणि फॅन हाउसिंग बघा, म्हणजे इंजिनावरचा तो कमानीसारखा पत्रा. त्याला डाव्या-उजव्या बाजूला एकेक गोल तोंड आहे. ती तोंडं उघडी आहेत की बंद?

का विचारतोय ते सांगतो. या इंजिनात पाणी नाही, रेडिएटर नाही. डायनामोच्या दुसऱ्या टोकाला पंखा असतो, तो हवा ओढतो आणि हाउसिंगमधून खाली सिलिंडरच्या पात्यांवर ढकलतो. १९६३ च्या मॉडेलपासून कंपनीने याच हवेतला थोडा वाटा त्या दोन तोंडांतून, दोन पाइपांनी हीटर बॉक्सकडे वळवला. त्याआधीच्या गाड्यांत सिलिंडरवरून गेलेली हवाच आत यायची, त्यामुळे इंजिनाला तेल गळती असली की अख्ख्या गाडीत तळणीचा वास.

हीटर बॉक्स म्हणजे पुढच्या सिलिंडरांचा एक्झॉस्ट पाइप, त्याला बाहेरून धातूच्या पात्या, आणि त्याभोवती पत्र्याची पेटी. पंख्याची ताजी हवा या पेटीतून जाताना तापते. पुढे झडपेची डबी लागते. दांडा वर ओढला की केबल झडप उघडते आणि हवा दाराखालच्या पोकळ पेटीतून पायाशी आणि काचेखालच्या फटीपर्यंत जाते. दांडा खाली असला की तीच गरम हवा गाडीखाली सोडून दिली जाते. हवा वाहायची थांबत नाही, फक्त वाट बदलते. ६५ पासून दोन दांडे आले: उजवा मुख्य, डावा मागच्या सीटच्या पायाशी.

आता तुमच्याकडे पेट्या नाहीत. म्हणजे ती दोन तोंडं उघडी असतील तर पंख्याची हवा सिलिंडरवर जायच्या ऐवजी इंजिनाच्या खोलीत फुकट सांडतेय. थंडीत कळणार नाही. एप्रिलमध्ये कसारा चढताना कळेल, आणि तेव्हा इंजिन उघडावं लागेल. आधीच्या मालकाने कसं बुजवलंय ते फोटोसकट टाका.

गोदाकाठची · १३ डिसेंबर, सकाळी ८:२०

फोटो टाकलेत. डाव्या तोंडात गोणपाटाचा बोळा कोंबलाय, तेलाने काळा झालेला. उजवीकडे कसल्याशा डब्याचं प्लास्टिकचं झाकण आणि त्यावर काळी टेप. टेप सुटून लोंबतेय आणि झाकण एका बाजूने वितळून आत वळलंय. पत्र्यावरही काळा डाग आहे.

तेलकट_हात · १३ डिसेंबर, सकाळी ८:४५

आजच काढा. तेल प्यालेलं गोणपाट, शेजारी प्लगच्या वायरी, वरून पेट्रोलची नळी. याला आग लावायला वेगळं कुणी लागत नाही. आणि ती पेट्रोलची नळी किती वर्षांची आहे तेही बघून घ्या. कापडी वेष्टणाची जुनी नळी टोकाशी तडकलेली असली तर हीटरच्या आधी तिचा नंबर.

तोंडांना पत्र्याच्या टोप्या करून घ्या. सातपूरला शीट मेटलवाल्याकडे नमुना नेलात की तासाभराचं काम आहे. टोपी घट्ट बसवून वर क्लॅम्प. आणि इंजिनाभोवतीचा रबरी पट्टा जाग्यावर आहे का तेही पाहा. तो नसला की खालची तापलेली हवा वर येते आणि पंखा तीच पुन्हा ओढतो.

रात्रीचा_प्रवासी · १३ डिसेंबर, सकाळी ९:३०

एवढं कशाला रामायण? बारा व्होल्टचा छोटा सिरॅमिक हीटर ऑनलाइन मिळतो, दीडशे वॉटचा. सॉकेटला लावा, काचेकडे तोंड करा, विषय संपला.

अँपिअर_मोजा · १३ डिसेंबर, सकाळी १०:१०

@रात्रीचा_प्रवासी, विषय संपण्याआधी बॅटरी संपेल.

दीडशे वॉट भागिले बारा व्होल्ट, साडेबारा अँपिअर. या गाडीचा डायनामो सगळा जोर लावून तीसच्या आसपास देतो, तोही इंजिन नीट फिरत असताना. आयडलवर जवळपास काहीच नाही, म्हणून तर लाल दिवा मिणमिणतो. पहाटे हेडलाइट लावलेले: ४५ वॉटचे दोन, साडेसात अँपिअर. इग्निशन, टेललाइट, वायपर मिळून आणखी सात-आठ धरा. त्यात तुमचे साडेबारा टाकले की बेरीज तिसाला टेकली. बॅटरीला परत भरायला उरलं काय? वर ५० वर्षं जुनी वायरिंग आणि लायटरच्या सॉकेटमागची बारीक वायर. ती गरम होईल, गाडी नाही.

आणि एवढं करून मिळणार दीडशे वॉट. घरातला खोली गरम करायचा साधा हीटर दोन हजार वॉटचा असतो. चालत्या गाडीत, जिच्या दाराच्या रबरातून वारा येतो, तिथे दीडशे वॉट म्हणजे समुद्रात लोटाभर ऊन पाणी.

वीज वापरायचीच तर माणसाला गरम करा, हवेला नाही. सीटवर टाकायची हीटिंगची गादी येते, साधारण ४५ वॉट, चार अँपिअरच्या आत. आईंच्या सीटवर एक टाका, स्वतंत्र फ्यूज आणि रिले लावून. पाठ-कंबर शेकली की बाकी थंडी निम्मी वाटते.

खारदुंगला_रिटर्न · १३ डिसेंबर, दुपारी १:१५

डिझेल हीटरबद्दल बोलतो, कारण माझ्या व्हॅनमध्ये बसवलाय आणि लडाखमध्ये त्याच्या जिवावर झोपलोय. दोन किलोवॅटचा युनिट. स्वतःचा छोटा पंप, स्वतःची जळण्याची कोठी, स्वतःचा एक्झॉस्ट. जळणारी हवा वेगळी, केबिनची हवा वेगळी. सुरू होताना ग्लो प्लगला (इंधन पेटवणारा तापता प्लग) दहाएक अँपिअर ओढतो, मग एक-दोनवर येतो. डिझेल तासाला पाव लिटरच्या आत. इंजिन बंद असतानाही चालतो. पाच मिनिटांत बीटल तंदूर होईल.

तेलकट_हात · १३ डिसेंबर, दुपारी २:००

युनिट चांगलाच आहे, शंका नाही. पण तुमच्या व्हॅनमध्ये डिझेल आहे. ताईंची गाडी पेट्रोलची, म्हणजे डिझेलची वेगळी टाकी आली. ती ठेवायची कुठे? पुढच्या झाकणाखाली पेट्रोलची टाकी बसलीय, तिच्या शेजारी जळणारं यंत्र आणि दुसरं इंधन ठेवायला माझा हात धजणार नाही. मागच्या सीटखाली बॅटरी. सीटमागच्या जागेत ठेवला तर एक्झॉस्ट आणि जळायच्या हवेची नळी फ्लोअरला भोक पाडून खाली न्यायची, आणि ती भोकं आयुष्यभर सील ठेवायची.

पेट्रोलवर चालणारे हीटर पूर्वी बीटलसाठी मिळायचे, एबरस्पेशरचा बीएन-२ म्हणून. युरोपातल्या बर्फाळ भागात लोक लावायचे. आपल्याकडे वर्षातले दोन महिने, तेही पहाटेपुरता गारठा. त्यासाठी एवढा कुटाणा मला पटत नाही.

खारदुंगला_रिटर्न · १३ डिसेंबर, दुपारी २:२०

पटत नाही हे ठीक, पण निफाडकरांना विचारा दोन महिने कसे जातात ते :)

श्वास_रोखून · १३ डिसेंबर, रात्री ९:००

मी गाड्यांतला माणूस नाही, छातीच्या आजारांचा डॉक्टर आहे. धाग्यात अजून कुणी कार्बन मोनॉक्साइडचं नाव काढलं नाही म्हणून लिहितो.

इथल्या विजेचे सोडून बाकी सगळ्या पर्यायांत एक्झॉस्ट आणि केबिन यांच्यामध्ये फक्त एक पत्रा आहे. त्या पत्र्याला किंवा आतल्या पाइपला सुईएवढं भोक पडलं की मोनॉक्साइड आत. त्याला रंग नाही, वास नाही. धुराचा वास येतो तो बाकीच्या वायूंचा, त्यामुळे "वास नाही म्हणजे ठीक आहे" असं समजू नका. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून जास्त ओढीने चिकटतो. हवेत २०० पीपीएम (दहा लाख भागांत २०० भाग) असला तर दोन-तीन तासांत डोकं दुखतं, मळमळतं. १६०० पीपीएमला तीच लक्षणं वीस मिनिटांत, आणि तासा-दोन तासांत जीव जाऊ शकतो.

आपल्याकडची खरी अडचण अशी की ही लक्षणं घाटात कुणी मनावर घेत नाही. डोकं जड, मळमळ, गरगर. लगेच निदान होतं, "गाडी लागली." लिंबू हुंगायला देतात, आलेपाकाची वडी देतात, आणि थंडी वाजतेय म्हणून काचा आणखी घट्ट लावतात. वणीच्या वळणांवर आईंना मळमळलं तर तुम्हीही हेच कराल. फरक ओळखायची एक खूण सांगतो: एकाच वेळी गाडीतल्या सगळ्यांना, चालवणाऱ्यालासुद्धा त्रास होत असेल तर वळणांवर ढकलू नका, कारण चालवणाऱ्याला सहसा गाडी लागत नाही. काचा उघडा, थांबा, बाहेर या, आणि बरं वाटलं तरी तपासून घ्या.

मोनॉक्साइडचा अलार्म घ्या, पण आकडा दाखवणारा घ्या. घरासाठीचे बरेचसे साधे अलार्म ७० पीपीएमला तासभर तरी गप्प बसतात, ते त्यांच्या मानकातच आहे. गाडीत तुम्हाला तीस-चाळीस झाला तरी तो दिसायला हवा.

गोदाकाठची · १३ डिसेंबर, रात्री ९:४०

डॉक्टरसाहेब, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "म्हणून मी एसटी म्हणत होते." अलार्म आत्ता ऑर्डर केला.

टोप्या करून आणल्या, बसवल्या. रबरी पट्टा उजव्या बाजूला अर्धा गायब आहे, तो मागवते.

पंचवटी_गॅरेज · १४ डिसेंबर, सकाळी ७:३०

दुसरा मुद्दा. पहाटे गाडी चालताना धक्के देते का? सिग्नलला आयडल पडतो, बंद होते, पाच मिनिटं थांबलं की शहाण्यासारखी चालू होते?

गोदाकाठची · १४ डिसेंबर, सकाळी ८:००

अगदी अस्संच! ढकांब्याच्या पुढे दोनदा बंद पडली. मी पेट्रोलमध्ये कचरा समजून फिल्टर बदलला.

पंचवटी_गॅरेज · १४ डिसेंबर, सकाळी ८:४०

कचरा नाही, बर्फ आहे. हसू नका.

कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता खेचून घेतं. बाहेर आठ-दहा अंश आणि हवेत दव असलं की कार्बोरेटरच्या गळ्यात ती ओल गोठते. शून्याच्या खाली जावं लागतच नाही, उलट ओलसर दहा अंश जास्त वाईट. धरणाच्या बाजूने किंवा द्राक्षबागांमधून जाणारा रस्ता, पहाटेची वेळ, झालंच काम. गाडी थांबवून इंजिनाची ऊब वर चढली की बर्फ वितळतो, आणि गॅरेजला येईपर्यंत पुरावा नष्ट. पुढच्या वेळी बंद पडल्याबरोबर मागे जाऊन कार्बोरेटरखालच्या इनटेक पाइपला हात लावा. पांढरा दहिवराचा थर दिसेल, नखाने खरवडता येतो.

कंपनीने यावर दोन उपाय दिले होते. इनटेक पाइपखाली एक बारीक पाइप चिकटलेला असतो, त्यातून एक्झॉस्टचा गरम वायू खेळतो. आणि एअर फिल्टरला एक नळी असते, ती थंड इंजिनाला सिलिंडरकडची गरम हवा पाजते. बाजारातला एक्स्ट्रॅक्टर बसवताना बहुतेक जण त्या बारीक पाइपचा एक्झॉस्टकडचा जोड एक तर बुजवतात, नाही तर एकाच बाजूने जोडतात. दोन्ही टोकांत दाबाचा फरक नसला की वायू फिरत नाही, मग आत काजळी धरून तो कायमचा बंद. तुमचं थंड केबिन आणि धक्के देणारं इंजिन, दोन्हींचं मूळ एकाच एक्झॉस्टमध्ये आहे.

तेलकट_हात · १४ डिसेंबर, सकाळी ९:१५

लाख बोललात. त्यात माझी भर: थर्मोस्टॅट आहे का बघा. इंजिनाखाली उजवीकडे पितळी भात्यासारखा डबा असतो. इंजिन थंड असताना तो हाउसिंगमधल्या झडपा मिटून ठेवतो, तापलं की उघडतो. आपल्याकडच्या मेकॅनिकनी "गरम देशात याचं काय काम" म्हणत हजारो बीटलमधून तो काढून टाकलाय, बरेचदा झडपांसकट. त्या झडपा हवा नेमकी सिलिंडरवर वळवतात, म्हणजे त्या काढल्या तर उन्हाळ्यातही तोटाच. आणि थंडीत इंजिन तापायलाच वेळ लावत असेल तर हीटर बॉक्स सोन्याचे बसवले तरी दिंडोरीपर्यंत गार हवाच येणार.

सातपूर_शिफ्ट · १४ डिसेंबर, दुपारी ४:३०

माझी एक आयडिया. हीटर बॉक्स बाहेरून मागवण्यापेक्षा आहे त्याच वाकड्या पाइपांभोवती पत्र्याची पेटी करून घ्या. आमच्याकडे टिग वेल्डिंगवाले एक नंबर आहेत, ड्रॉइंग दिलं की करतील.

तेलकट_हात · १४ डिसेंबर, संध्याकाळी ६:००

नुसत्या पाइपाभोवती पेटी केली तर हवा सरकन निघून जाईल, तापणार नाही. उष्णता काढून घ्यायला पात्या लागतात. परदेशात आज नवे म्हणून मिळणारे काही स्वस्त बॉक्सही आतून असेच असतात, बाहेरून चकाचक, आत साधा पाइप. उचलून बघितला की वजनावरून कळतं, जुना जर्मन बॉक्स चांगलाच जड लागतो.

पण खरी भीती वेगळी. मूळ बॉक्समध्ये गॅस्केटचे आणि क्लॅम्पचे जोड पेटीच्या बाहेर असतात. जोड फुटला तर धूर बाहेर जातो. घरगुती पेटीत एखादा वेल्ड किंवा क्लॅम्प आत झाकला गेला तर तो तडकल्याचं कुणाला दिसणार नाही. डॉक्टरसाहेबांनी लिहिलंय ते पुन्हा वाचा.

सातपूर_शिफ्ट · १४ डिसेंबर, संध्याकाळी ६:२०

हम्म. जोड बाहेर ठेवून, आत अखंड पाइप आणि वर पात्या वेल्ड करून करता येईल की. दाब देऊन साबणाच्या पाण्यात टेस्टही करू.

तेलकट_हात · १४ डिसेंबर, संध्याकाळी ६:३५

तसं कराल तर माझा विरोध नाही. फक्त दरवर्षी टेस्ट करा. पण मजुरीचा हिशेब कराल तर जुने बॉक्स स्वस्त पडतील.

निफाडकर · १४ डिसेंबर, रात्री ८:१०

बॉक्स आणले तरी पुढची वाट शाबूत हवी. मामांच्या गाडीचं ऐका. बॉक्स होते, केबल होत्या, हवा पायाशी येईना. दाराखालची पेटी उघडली तर आत पत्रा नाहीच, नुसती लाल माती आणि उंदराचं घरटं, त्यात कापूस आणि भुईमुगाची टरफलं. गरम हवा निम्म्यातच खाली गळत होती. ती पेटी म्हणजे नुसती हवेची नळी नव्हं, अख्ख्या बॉडीचा कणा आहे. पहिल्या पत्रेवाल्यानं दोन्ही बाजू एकदम कापल्या, आतून आधार न देता. बॉडी बसली, दारं लागेनात. नंतर दुसऱ्याकडून दाराच्या चौकटीत पाइप टाचून परत सरळ करून घेतली.

ताई, दार उघडून खालच्या पट्टीवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं ठोका. ठणठण वाजलं तर पत्रा आहे. भदभद वाजलं तर आधी हे काम.

गोदाकाठची · १४ डिसेंबर, रात्री ९:०५

ठोकलं. डावीकडे ठणठण. उजवीकडे पुढच्या चाकाजवळ वीतभर भाग भदभद. :(

थर्मोस्टॅट नाही. झडपा मात्र आहेत, तारेने उघड्या बांधून ठेवलेल्या.

तेलकट_हात · १४ डिसेंबर, रात्री ९:३०

झडपा आहेत म्हणजे नशीब. थर्मोस्टॅट मिळतो. वीतभर सडलंय म्हणजे ठिगळ लावता येईल.

आता एक्झॉस्ट ठेवायचा की नाही ते माप ठरवेल. एक्स्ट्रॅक्टरच्या पाइपाला दोरी गुंडाळून घेर मोजा. १२० मिलिमीटरच्या आसपास आला तर पाइप दीड इंची, मूळ हीटर बॉक्सला जोडण्यासारखा. १३० आला तर पावणेदोन इंचाच्या अलीकडचा रेसिंगचा जाड पाइप, त्याला मूळ बॉक्स बसत नाहीत, आणि तुमच्या १५०० ला तो लागतही नाही.

जुनं_ते_सोनं · १४ डिसेंबर, रात्री १०:००

माझं मत विचारलं नाहीये तरी देतो. काढा तो एक्स्ट्रॅक्टर. कंपनीचा सायलेन्सर लावा, दोन बारीक शेपट्यांचा. हीटर चालेल, बर्फ धरणार नाही, कॉलनी झोपेल. शिवाय गाडी पन्नाशीच्या पुढे आहे. २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी करून व्हीए मालिकेचा नंबर घ्यायचा असेल तर गाडी मूळ रूपात असणं हीच पहिली अट. नवीन नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आहे, पण तो नंबर घेतला की रोज वापरायला मिळत नाही, ते ध्यानात ठेवा.

गोदाकाठची · १४ डिसेंबर, रात्री १०:२५

व्हिंटेज नंबर नकोच मग, मला चालवायची आहे. आवाजाबद्दल कॉलनीतल्या काकांचंही तुमच्यासारखंच मत आहे.

दोरी लावली: १२१.

तेलकट_हात · १४ डिसेंबर, रात्री १०:४०

वा! एक्झॉस्ट राहील, बॉक्स बसतील. पंचवटीवाले, इनटेकच्या बारीक पाइपचं काय?

पंचवटी_गॅरेज · १४ डिसेंबर, रात्री ११:१०

एक टोक एक्स्ट्रॅक्टरच्या एका सिलिंडरच्या पाइपला, दुसरं टोक जिथे चारही पाइप एक होतात त्याच्यापुढे. दाबात फरक पडला की वायू फिरेल. आधी जुनी काजळी काढावी लागेल. मी लोखंडी तारेची दोरी ड्रिलला लावून आत फिरवतो. संपूर्ण जाम असेल तर मॅनिफोल्ड, म्हणजे तो इनटेक पाइपच, बदला, तासन्‌तास घालवू नका. एअर फिल्टरची गरम हवेची नळीही जोडून घ्या, ती बहुधा तुटून लोंबत असेल.

कसारा_धुकं · १५ डिसेंबर, सकाळी ९:५०

सगळे पायांबद्दल बोलताहेत. नाशिकच्या माणसाला हीटर पायासाठी कमी आणि काचेसाठी जास्त लागतो. डिसेंबरात मोजे घालता येतात. जुलैत इगतपुरीला ढग रस्त्यावर उतरलेला असतो, बाहेर धुकं आणि आत वाफ, समोरच्या ट्रकचा लाल दिवा दिसत नाही. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा सुरू झाल्यापासून अनेकांचा कसारा सुटला, पण जुन्या गाडीवाले आपण अजून जुन्या घाटानेच.

तेव्हा काचेखालच्या दोन फटी मोकळ्या आहेत का, त्यांच्यामागच्या नळ्या डॅशबोर्डमागे लागलेल्या आहेत का, हे बॉक्स बसवायच्या आधी बघा. बहुतेक गाड्यांत या नळ्या रेडिओ बसवताना कुणीतरी उपटलेल्या असतात. पायपुसणं उचलून फ्लोअर ओला आहे का बघा. पुढच्या काचेचं रबर गळत असेल तर तुम्ही घाटभर गाडीतच पाणी उकळत बसाल.

आणि हीटर चालू असताना एक छोटी काच बोटभर उघडी ठेवा. बीटल इतकी हवाबंद असते की आतली हवा बाहेर गेल्याशिवाय गरम हवा आत शिरत नाही. थंडीत काच उघडायची हे ऐकून लोक हसतात, पण करून बघा, काच लगेच साफ होते.

श्वास_रोखून · १५ डिसेंबर, सकाळी १०:१५

बोटभर काचेला माझं जोरदार अनुमोदन, कारण तुम्हाला माहीत आहे.

अँपिअर_मोजा · १५ डिसेंबर, सकाळी १०:३०

बॉक्स येईपर्यंत काचेसाठी बारा व्होल्टचा छोटा पंखा डॅशबोर्डवर. अर्धा-एक अँपिअर, डायनामोला पत्ताही लागणार नाही. तो गरम करत नाही, पण नुसती हवा खेळती राहिली तरी वाफ कमी धरते.

गोदाकाठची · १५ डिसेंबर, रात्री ८:४५

ठरलं ते असं. एक्स्ट्रॅक्टर राहतो. जुन्या जर्मन बॉक्सची जोडी मुंबईत एकाकडे आहे म्हणतात, रविवारी बघायला जाते. उजवीकडचं ठिगळ सातपूरला, दाराला आधार देऊनच (निफाडकर, धन्यवाद, मी पत्रेवाल्याला तुमची गोष्ट सांगितली, तो म्हणाला "असं कोण करतं"). थर्मोस्टॅट आणि इनटेकचा पाइप पंचवटीला. तोवर आईसाठी सीटची गादी आणि डॅशबोर्डवर पंखा. डिझेल हीटरवाले दादा, रागावू नका.

बॉक्स घेताना काय काय बघू?

खारदुंगला_रिटर्न · १५ डिसेंबर, रात्री ९:००

रागावतोय कुठे. पुढच्या डिसेंबरात धागा परत वर काढीन.

तेलकट_हात · १५ डिसेंबर, रात्री ९:३५

एक, वजन. दोन, एका तोंडात मोबाइलचा दिवा टाकून दुसरीकडून आत बघा, पात्या दिसल्या पाहिजेत आणि गंजाचे पापुद्रे सुटलेले नसावेत. तीन, आतल्या पाइपची एक बाजू हाताने घट्ट बंद करून दुसरीकडून फुंका. पेटीतून हवा आली तर परत ठेवा, किंमत कितीही कमी सांगितली तरी. डोळ्याला न दिसणारं भोक असंच सापडतं. चार, झडपेची डबी आणि तिचा दांडा हलतो का. स्प्रिंग तुटलेली असली तर मिळते, पण डबीच सडली असेल तर भाव पाडून मागा.

फॅन हाउसिंगच्या टोप्या काढून ठेवा, फेकू नका. सिलिंडर हेडकडची गॅस्केट नवीनच टाका, नट तांब्याचे. पहिल्या शे-दोनशे किलोमीटरनंतर थंड इंजिनावर पुन्हा आवळा. पहिल्यांदा दांडा ओढाल तेव्हा गाडी बाहेर उभी करून, चारी बाजू उघड्या ठेवून अर्धा तास चालवा. जुनं तेल आणि धूळ जळून वास येईल, तो एक-दोन दिवसांत जातो. तिसऱ्या दिवशीही आला तर कुठेतरी तेल गळतंय, पुशरॉडच्या नळ्यांपासून बघायला घ्या. अलार्म आईंच्या सीटजवळ छातीच्या उंचीला लावा, मागच्या काचेशी नको.

गोदाकाठची · १५ डिसेंबर, रात्री ९:५०

लिहून घेतलं. तांब्याचे नट नाशकात मिळतील का?

पंचवटी_गॅरेज · १५ डिसेंबर, रात्री १०:०५

माझ्याकडे आहेत, आठ एमएमचे. इनटेक उघडायला याल तेव्हा घेऊन जा.